डबा ऐसपैस आणि दुसरी वेलांटी

महिपत वाघचौरे पहिल्यांदा घरी आले तेव्हा डोंबिवली पूर्वेचा वीजपुरवठा काही क्षण खंडित झाला होता, असं योगिनी आजही शपथेवर सांगते. त्यात निम्मी सूट दिली तरी उरतं ते पुष्कळ आहे. सकाळचे सात वाजले होते. दारात पाच फुटांचे एक गृहस्थ उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात पॉलिश केलेले बूट आणि काखेत जेवणाच्या ताटाएवढी पितळी घंटा. "आवाज चालेल का बघा मॅडम," एवढंच ते म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी लाकडी हातोडीने एक टोल दिला.

त्या एका टोलाने योगिनीचा नवरा साईनाथ गाढ झोपेतून उठला आणि डोळे न उघडताच पलंगाशेजारी सावधान स्थितीत उभा राहिला. चौथ्या मजल्यावरच्या मेघनाच्या कुकरने रिकामा असताना शिट्टी दिली. गच्चीवरची कबुतरं उडाली ती खाडी ओलांडून गेली, त्यातली काही अजून परतलेली नाहीत. समोरच्या इमारतीतले त्र्याहत्तर वर्षांचे एक आजोबा तर मधली सुट्टी झाली असं समजून घरभर आपला डबा शोधत फिरले, आणि त्यांना सुनेने उपमा खायला घातला तेव्हाच ते शांत झाले.

"चालेल," योगिनी म्हणाली. आपण नक्की काय म्हणालो ते तिला ऐकू आलं नाही.

योगिनीला असाच माणूस हवा होता. तिची गल्ली म्हणजे एका टोकाला मोठा रस्ता आणि दुसऱ्या टोकाला भिंत असलेला शंभरेक पावलांचा तुकडा. तिथे रविवारी सकाळी आठ ते अकरा दोर बांधून गाड्या बंद करायच्या आणि पोरांना मनसोक्त खेळू द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. ती कामाला घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात. तिथे ट्रॅफिकमध्ये रोज दोन-अडीच तास बसून माणसाला एकतर पाठीचं दुखणं जडतं नाहीतर समाजकार्याची कल्पना सुचते. योगिनीला दोन्ही झालं होतं.

खेळगल्लीचा पहिला प्रयोग मोठ्या माणसांनी पार बिघडवला होता. स्वयंसेवक म्हणून आलेल्या पालकांनी लिंबू-चमचा लावला, नावं लिहून घेतली, प्रमाणपत्रं छापली. आणि एका बाबांनी सात वर्षांच्या पोरांना फलंदाजीतला पायांचा वापर पंचेचाळीस मिनिटं समजावून सांगितला, तेवढ्या वेळात एकाही पोराने एकही पाय हलवला नाही. मग योगिनीने नियमच केला. स्वयंसेवकाचं नाव 'खेळसोबती'. त्याने शिकवायचं नाही, खेळवायचं नाही, जिंकवायचं नाही, आणि रक्त आल्याखेरीज भांडणात पडायचं नाही. खुर्ची टाकून दोराशी बसायचं. हे ऐकल्यावर सोळातले तेरा स्वयंसेवक गळाले. नुसतं बसणं मराठी माणसाला जमतं. पण न बोलता बसणं?

महिपतरावांना ते जमत होतं. कल्याणला पारनाक्याजवळच्या एका शाळेत ते एकतीस वर्षं शिपाई होते. हेडमास्तरांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. शाळेत विजेची घंटा आली त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि निरोपसमारंभात शाल-श्रीफळाऐवजी त्यांनी जुनी पितळी घंटा मागून घेतली. "एकतीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडं नाही मॅडम," ते अभिमानाने सांगत. "माझ्या टोलावर पोळीभाजी केंद्राच्या बायका कणीक मळायच्या."

आणि मिनिटाचाच तर सगळा प्रश्न होता.

गल्ली बंद ठेवायच्या परवानगीसाठी तिथल्या त्रेचाळीस घरांच्या सह्या हव्या होत्या. बेचाळीस मिळाल्या. त्रेचाळिसावं घर विठ्ठलराव उकिडव्यांचं. आडनाव उकिडवे, पण माणूस जन्मभर ताठ. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ते दर रविवारी नौपाड्यात थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, जेवायला जात. अक्का चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्याकडे साडेबाराला पान वाढलं जाई आणि उशिरा येणाऱ्याला वरण थंड मिळे. अकरानंतर निघालं की शीळफाट्याला गाडी अडकलीच म्हणून समजा. तेव्हा उकिडव्यांनी सही केली ती पाच अटी घालून, आणि त्यातली तिसरी अट अशी होती : 'ठीक अकरा वाजता दोर सोडण्यात यावा. खेळसोबतींकडून एक मिनिटही विलंब झाल्यास माझी संमती रद्द समजावी.'

एक संमती रद्द म्हणजे परवानगी रद्द आणि परवानगी रद्द म्हणजे गल्लीत पुन्हा गाड्या. म्हणून योगिनीने ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा सर्वांत वक्तशीर माणूस हुडकून काढला होता.

पहिल्या रविवारी महिपतरावांनी दहा एकोणसाठला हातोडी उचलली आणि अकराला टोल दिला. चाळीस पोरं जागच्या जागी थिजली. दोर सुटला, उकिडव्यांची करड्या रंगाची गाडी सुळकन बाहेर पडली, आणि काच खाली करून "उत्तम" असा शेराही मिळाला. योगिनीला हायसं वाटलं.

तेव्हाच पाण्याच्या टाकीमागून संचिता आली. वय वर्षं सात, पुढचे दोन दात पडलेले. त्या दिवशी पोरांना रंगाचा एक रिकामा डबा सापडला होता आणि कुठल्याशा खिडकीतून कुणाच्या तरी आजीने ओरडून सांगितलं होतं, "अरे, डबा ऐसपैस खेळा की!" एकावर राज्य, बाकीचे लपणार. राज्य असलेल्याने एकेकाला शोधून डब्यावर थाप मारून त्याचं नाव पुकारायचं. पण लपलेल्यातल्या एकाने जरी येऊन डबा उडवला तरी सापडलेले सगळे सुटले. संचिता पाऊण तास टाकीमागे मुंग्या चावून घेत बसली होती, सगळे सापडले होते, आणि डबा उडवायला ती निघाली तेव्हा चार पावलांवर असताना टोल पडला होता.

"काका," ती महिपतरावांसमोर उभी राहून म्हणाली, "मी उडवत होते डबा."

"अकरा वाजले, बाळ."

"पण मी उडवत होते."

महिपतराव घंटा काखेत घेऊन घरी गेले. त्यांच्या बायकोने, मालनबाईंनी, नंतर योगिनीला सांगितलं की त्या दिवशी ते मटण असूनही दोनच भाकरी जेवले.

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा त्यांच्याजवळ घंटेखेरीज एक लांबट नोंदवही होती. वरती ठळक अक्षरात 'वाहन जावक नोंद'. आता शिपाई एकतीस वर्षांत साहेबांना जेवढं ओळखतो तेवढं साहेब स्वतःला ओळखत नाहीत. दहा अठ्ठावन्नला उकिडवे गाडीत बसले, तेव्हा महिपतरावांनी अदबीने नोंदवही खिडकीतून आत दिली. "साहेब, फक्त एक सही. दोर सोडतोच."

उकिडव्यांनी पेन काढलं, आणि थांबले. नोंद अशी होती : 'आज रोजी क्रिडा उपक्रमाचे निरिक्षण करून वाहन सुरु करण्यास परवानगि देण्यात येत आहे.'

ज्याने पस्तीस वर्षं लोकांच्या टिप्पण्या दुरुस्त केल्या, त्याच्यापुढे हे वाक्य ठेवणं म्हणजे वाघापुढे शेळी बांधण्यापैकी होतं. उकिडव्यांनी खिशातून दुसरं पेन काढलं. लाल.

"वाघचौरे, क्रीडा. क्री दीर्घ."

"जी साहेब."

"निरीक्षण. री दीर्घ. 'परवानगी'ची शेवटची वेलांटी दुसरी. आणि हे 'सुरु' काय आहे? सुरू! रू दीर्घ! सगळा महाराष्ट्र हीच चूक करतो."

"आमच्यावेळी ऱ्हस्व होता साहेब."

"कधीही नव्हता!"

हे सगळं होईतो गल्लीत दोन गडी सापडायचे होते ते सापडले, राज्य फिरलं, पोरं धापा टाकत पायऱ्यांवर बसली. उकिडव्यांनी लाल पेनाला टोपण घातलं, सही केली आणि वेळेच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : ११.०७. तेव्हा टोल पडला. अट मोडली म्हणावी, तर दोर अकरालाच सुटायला तयार होता. साहेबच तयार नव्हते.

तिसऱ्या रविवारी योगिनीच्या लक्षात आलं. पोरं पांगल्यावर तिने महिपतरावांना गाठलं.

"वाघचौरे काका, 'क्रीडा'ला परत पहिली वेलांटी?"

"चुकून, मॅडम."

"तुमच्या खेळसोबतीच्या अर्जात एक चूक नव्हती. मी वाचलाय."

महिपतरावांनी आजूबाजूला पाहिलं. "एकतीस वर्षं रोज फळ्यावर सुविचार लिहिलाय मॅडम, हेडमास्तर पाठीशी उभे. चुकीचं लिहायचं म्हटलं तरी हात बरोबरच लिहितो. शनिवारी घरी पाटीवर सराव करतो. मालनला वाटतंय मला काहीतरी झालंय. ती डॉक्टरांची वेळ घेऊन आली."

"अहो, त्यांना कळलं तर? सही काढून घेतील. सगळं बंद होईल."

"होईल," ते म्हणाले. मग घंटा दुसऱ्या काखेत घेत म्हणाले, "मॅडम, हिशेब केला तर सहा-सात हजार मधल्या सुट्ट्या मोडल्यात मी. पोरं मला लांबून बघितलं की म्हणायची, 'आला!' 'आले' कधी कोणी म्हटलं नाही. आता निदान डाव तरी पुरा होऊ दे."

योगिनी घरी गेली आणि साईनाथला म्हणाली, "आपल्याला एक गुन्हेगार मिळालाय." त्यानंतरच्या शनिवारी तिने स्वतःच महिपतरावांना फोन करून 'आशिर्वाद' आणि 'नागरीक' हे दोन शब्द सुचवले.

हळूहळू महिपतरावांच्या हाताला अंदाज आला. चार साध्या वेलांट्यांना सहा मिनिटं. जोडाक्षरात काही गडबड केली तर आणखी दोन. एकदा त्यांनी 'सिंह' या शब्दाचं 'सिंव्ह' केलं. खेळगल्लीच्या नोंदीत सिंह कुठून आला हे विचारायचंही उकिडव्यांना सुचलं नाही. त्यांनी अनुस्वाराचा नियम उदाहरणांसह समासात लिहून दिला, त्यात चौदा मिनिटं गेली आणि पोरांचा लगोरीचा अख्खा एक डाव झाला. उकिडव्यांना संशय तर आला नाहीच, उलट त्यांची कळी खुलली होती. निवृत्तीनंतर त्यांनी दुरुस्त करावं असं घरात कुणी काही लिहितच नव्हतं. आता ते रविवारी पाच मिनिटं आधीच गाडीत येऊन बसत आणि लाल पेनात नवी रिफील घालून आणत. मात्र शीळफाट्याचा खोळंबा वाढत होता, आणि नौपाड्यातलं वरण दर आठवड्याला जास्त थंड होत होतं. "अक्का रागावतायत हल्ली," ते एकदा म्हणाले. "आपलं वेळेचं गणित कुठे बिघडतंय तेच कळत नाही. पण वाघचौरे, एक सांगतो. तुमच्याकडून उशीर झालेला दिसला, तर मी सही मागे घेईन हां. नियम म्हणजे नियम."

"जी साहेब," महिपतराव म्हणाले.

नवव्या रविवारी डबा ऐसपैस पुन्हा रंगला. राज्य हर्षितवर होतं. हर्षित नऊ वर्षांचा आणि नजर घारीची. त्याने बारापैकी अकरा जण शोधले होते. बारावी संचिता. दहा छप्पन्न झाले, अठ्ठावन्न झाले. उकिडव्यांनी गाडीवरचं आवरण काढून घडी केली, डिकीत टाकलं, आणि पुढे येऊन चालकाच्या जागी बसले. डिकी बंद होताच शेजारच्या स्कूटरच्या आडोशातून संचिता रांगत निघाली आणि गाडीच्या मागच्या उजव्या चाकाशी उकिडवी बसली.

हे दोघांनीच पाहिलं, योगिनीने आणि महिपतरावांनी.

गाडी मागे घेतल्याखेरीज बाहेर पडतच नव्हती. ओरडावं, तर हर्षित डब्यापासून चार हातांवर कान टवकारून उभा; संचिताचा डाव पुन्हा टोकाशी येऊन मोडणार. न ओरडावं, तर उकिडव्यांचा हात किल्लीकडे चाललेला. योगिनी धावत सुटली आणि ओरडायला तिने तोंड उघडलं, तोच तिला दिसलं की महिपतराव आधीच गाडीपाशी पोचले आहेत. त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली, खिशात टाकली, आणि दुसऱ्या हाताने नोंदवहीत काहीतरी भराभर लिहिलं.

"वाघचौरे! हे काय?" उकिडवे गरजले.

"साहेब, नोंद बघावी."

"किल्ली द्या! अकरा वाजलेत!"

"नोंद बघावी, साहेब."

उकिडव्यांनी लाल पेन सरसावून नोंदवही ओढली. आत लिहिलं होतं : 'मागच्या उजव्या चाकाशी संचिता लपली आहे. कृपया गाडी सुरू करू नये व कोणासही सांगू नये.'

उकिडव्यांनी वाचलं. हळूच आरशात पाहिलं. आरशात एक वेणी हलत होती. त्यांनी पुन्हा वाचलं. लाल पेन कागदावर इकडून तिकडे फिरलं, परत आलं, आणि कुठेच टेकलं नाही.

"वाघचौरे," ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "यात एकही चूक नाही."

"घाई होती साहेब."

"'सुरू' दीर्घ आहे."

महिपतराव बुटांच्या टोकांकडे पाहत राहिले.

"म्हणजे गेले सात रविवार..."

"सहा, साहेब. एका रविवारी तुम्ही अलिबागला गेलेलात."

योगिनी गाडीशेजारी उभी होती. संपलं, तिच्या मनात आलं. त्रेचाळीसमधून एक वजा. त्याच क्षणी हर्षित गाडीपाशी आला आणि काचेतून आत डोकावून म्हणाला, "ओ आजोबा, इथे कोणी आलेलं का? संचिता?"

उकिडव्यांनी हर्षितकडे पाहिलं. ज्या चेहऱ्याने त्यांनी पस्तीस वर्षं लोकांना 'फाइल वर गेली आहे' असं सांगितलं होतं, तो चेहरा त्यांनी लावला.

"चौकशी चालू आहे," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या."

हर्षित गोंधळून भिंतीकडे वळला, आणि चाकामागून संचिता सुटली. दहा पावलं, आठ, चार. हर्षित "ए! ए!" करत मागे फिरला तोवर डबा हवेत होता. त्या डब्याचा आवाज पितळी घंटेहून कमी होता, असं कुणी म्हणू नये. अकराच्या अकरा गडी सुटले, संचिता बोळक्या तोंडाने किंचाळत गल्लीभर धावली, आणि महिपतराव एकतीस वर्षांची शिस्त विसरून खुर्चीवर चढले. खुर्ची प्लॅस्टिकची असल्याने लगेच उतरलेही.

उकिडव्यांनी नोंदीखाली सवयीने 'पाहिले' असं लिहून सही केली. वेळ ११.२४. किल्ली मागून घेतली, गाडी बाहेर काढली आणि काच वर करून निघून गेले. या वेळी कुठला शेरा नव्हता.

पुढचे तीन दिवस योगिनी धड जेवली नाही. महिपतराव रोज संध्याकाळी येऊन विचारत, "आलं का काही?" आणि मालनबाई खाली रिक्षात बसून राहत, त्यांनी डॉक्टरांची ती वेळ अजून रद्द केली नव्हती. बुधवारी महिपतराव वर असतानाच उकिडवे आले. हातात टाइप केलेला कागद. योगिनीने तो महिपतरावांच्या हातात दिला, तिला वाचवेना.

"विषय," महिपतरावांनी वाचलं, "अट क्रमांक तीन वगळणेबाबत."

"वगळणे?" योगिनी म्हणाली.

"अक्कांनी विचारलं, सव्वा वाजला, कुठे होतास?" उकिडवे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाले. "मी सगळं सांगितलं. वेलांट्यांसकट. मला वाटलं, त्या म्हणतील तक्रार कर. त्यांनी विचारलं, डबा उडाला का? म्हटलं, उडाला. मग म्हणाल्या, तू सांगितलं नाहीस ना ती पोरगी कुठे आहे ते? म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, 'लहानपणी नेहमी सांगायचास. चुगलखोर कुठला.' " ते खाकरले. "यापुढे रविवारी जेवायला नको, चारला चहाला ये म्हणाल्यात. तेव्हा अकराची अट निरर्थक ठरते. आणि वाघचौरे."

"जी साहेब."

"नोंदवही चालू ठेवा. शुद्ध. 'सिंव्ह' मी विसरलेलो नाही."

तेव्हापासून खेळगल्लीला संपायची वेळ अशी नाही. पुढच्या रविवारी दुपारपर्यंत पुरेल इतकं पाणी, गूळ-शेंगदाणे आणि छत्री घेऊन महिपतराव दोराशी बसले होते. पोरांना पावणेअकराला भूक लागली आणि ती आपापल्या घरी गेली. आता दर रविवारी तसंच होतं.